न बोलण्याची सही

जेरुसलेमला निघण्याआधी विद्यार्थ्याला एका कागदावर सही करावी लागते. पासपोर्ट, व्हिसा, विमा, लसी हे सगळं असतंच, पण हा कागद निराळा. इस्रायलमध्ये असेपर्यंत मी माझ्या धर्माचा प्रचार करणार नाही, अशी ती लेखी हमी आहे. प्रचार म्हणजे चौकात उभं राहून पत्रकं वाटणं एवढंच नव्हे. बाजारात, बसमध्ये कोणी आपणहून 'तुमच्या धर्मात काय सांगितलंय' असं विचारलं, तरी नम्रपणे विषय बदलायचा.

ही सही दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाच्या मुलांनी केली असती, तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण ही मुलं युटा राज्यातल्या प्रोव्हो गावची, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाची. ते चालवतं 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', म्हणजेच मॉर्मन मंडळी. ('मॉर्मन' हे टोपणनाव सोडून पूर्ण नाव वापरा, असं त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०१८ साली बजावलं होतं. लेखाच्या ओघात ते पूर्ण नाव पेलणं मला तरी जमणार नाही, तेव्हा क्षमस्व.) घरोघर जाऊन धर्म सांगणं ही या पंथाची ओळखच आहे. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, दोघादोघांची जोडी. अमेरिकेत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांची बेल अशा जोडीनं वाजवलेली असते आणि आतून कुणीतरी 'ते आलेत, सांग आई घरी नाही' असं कुजबुजलेलं असतं.

म्हणजे ज्याला लहानपणापासून 'तू मोठेपणी बोलायला जायचंयस' असं सांगून वाढवलं, त्यालाच चार महिने ख्रिस्ताच्या गावात नेऊन गप्प बसवायचं. पट्टीच्या पोहणाऱ्याला नदीकाठी नुसतं बसवून ठेवावं तसं. या पंथाची तरुण मुलं मिशनची, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेची, तयारी कशी करतात हे शोधू लागलो, तेव्हा मला या सहीनंच सर्वांत जास्त अडवलं.

ही मुलं जिथे शिकतात त्या विद्यापीठाच्या जेरुसलेम केंद्राची इमारत माउंट स्कोपसच्या उतारावर, हिब्रू विद्यापीठाच्या शेजारी आहे. उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले मजले, कमानींवर कमानी, आणि सभागृहाच्या प्रचंड काचांतून समोर जुन्या शहराची तटबंदी आणि 'डोम ऑफ द रॉक'चा सोनेरी घुमट. इस्रायली वास्तुरचनाकार डेव्हिड रेझनिक आणि सॉल्ट लेक सिटीचे फ्रँक फर्ग्युसन यांनी ती आखली. जागा पूर्व जेरुसलेममधली, म्हणजे १९६७ च्या युद्धात इस्रायलनं घेतलेल्या भागातली. तिथल्या प्रत्येक दगडामागे एक वाद असतो, तसा या दगडांमागेही आहे.

१९८४ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि वर्षभरात शहर पेटलं. मॉर्मन म्हणजे मिशनरी, मिशनरी म्हणजे धर्मांतर, हे समीकरण कट्टर ज्यू गटांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या, पश्चिम भिंतीपाशी प्रार्थना झाल्या. युरोपात साठ लाख माणसं गमावलेल्या समाजाला 'आणखी एकही ज्यू गमवायचा नाही' असं वाटणं समजण्यासारखं होतं. ती भीती अगदीच हवेतली नव्हती, हेही पुढे दिसलं. मृत पूर्वजांच्या नावानं बाप्तिस्मा घेण्याची प्रथा या पंथात आहे, आणि नाझी छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंची नावंही त्या याद्यांत आली होती. त्यावरून रण माजलं, आणि १९९५ मध्ये चर्चला ज्यू संघटनांशी करार करून ते थांबवायचं आश्वासन द्यावं लागलं.

केंद्राच्या बाजूनं शहराचे महापौर टेडी कोलेक उभे राहिले. अमेरिकी काँग्रेसच्या १५४ सदस्यांनी इस्रायली संसदेला पत्र लिहिलं. पण तिढा सुटला तो लेखी हमीमुळे: आम्ही इथे शिकू, शिकवू, संगीत ऐकवू, धर्म सांगणार नाही. मार्च १९८७ मध्ये मुलं राहायला आली. १९८८ मध्ये ४९ वर्षांचा भाडेकरार झाला आणि मे १९८९ मध्ये इमारतीचं रीतसर समर्पण.

योगायोग असा, की आमिष दाखवून धर्मांतर घडवण्याविरुद्धचा इस्रायलचा कायदा १९७७ चा. आणि धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा स्टॅनिस्लॉस खटल्यातला निकालही १९७७ चाच. प्रश्न दोन्हीकडे एकच: सांगणं कुठे संपतं आणि वळवणं कुठे सुरू होतं?

केंद्रातला विद्यार्थी जुना आणि नवा करार शिकतो, प्राचीन आणि आधुनिक मध्यपूर्वेचा इतिहास शिकतो, हिब्रू किंवा अरबीची तोंडओळख करून घेतो. एकाच भूमीचा इतिहास त्याला इस्रायली शिक्षकही शिकवतात आणि पॅलेस्टिनी शिक्षकही; पहिल्या तासाला ऐकलेलं 'स्वातंत्र्य' दुसऱ्या तासाला 'नकबा' म्हणून, म्हणजे महासंकट म्हणून, समोर येतं. देशाच्या रीतीप्रमाणे इथले मॉर्मन आपला शब्बाथ रविवारी न पाळता शनिवारी पाळतात. एरवी रविवारी दुकानात पाऊल न टाकणाऱ्या या मुलांना रविवारी वर्गात बसायचं म्हणजे सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होत असणार.

आणि कॉफीचं काय? मॉर्मनांना चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. जुन्या शहरातला अरब दुकानदार गिऱ्हाइकापुढे सहज कॉफीचा पेला सरकवतो. 'नको' म्हणावं तर त्याचा मान राहत नाही. 'का नको' हे सांगायला जावं, तर १८३३ साली पंथसंस्थापक जोसेफ स्मिथला झालेल्या साक्षात्कारापर्यंत जावं लागतं, आणि तिथे तर सही आडवी येते! साध्या शिष्टाचारातसुद्धा धर्म किती खोल भिनलेला असतो, हे कळायला यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही.

माउंट स्कोपस ज्या ऑलिव्ह पर्वताच्या रांगेत येतो, तिच्याशी मॉर्मनांचं नातं केंद्राच्या इमारतीहून बरंच जुनं आहे. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पंथ स्थापन झाला आणि अकराच वर्षांनी ऑर्सन हाइड नावाचा प्रचारक जेरुसलेमला पोचला. बरोबर निघालेला सोबती वाटेतच गळाला होता. वाटेत जर्मनीत, रेगेन्सबुर्गला, तो थांबला आणि जर्मन शिकला. परदेशात शिकणं आणि मिशनची तयारी ही जोडी म्हणजे आजच्या विद्यापीठाचीच कल्पना नव्हे. २४ ऑक्टोबर १८४१ ला पहाटे त्यानं ऑलिव्ह पर्वतावर जाऊन एकट्यानं प्रार्थना केली, खूण म्हणून दगडांची रास रचली आणि तो परत फिरला. परतताना फ्रँकफुर्टला त्यानं आपल्या पंथाची ओळख करून देणारं जर्मन पुस्तक छापलं. म्हणजे पुण्यभूमीत प्रार्थना, आणि बोलणं ते परत जाताना.

हाइडनंतर अकरा वर्षांनी हीच मंडळी मुंबईच्या बंदरात उतरली, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी १८५२ साली मुंबईत आला आणि मग पुण्याला गेला. ना प्रशिक्षण, ना मराठी, ना पगार. आधी मुंबईच्या वर्तमानपत्रांनी त्याला सोलून काढलं. पुण्याच्या छावणीत लष्करी अधिकाऱ्यांनी त्याच्या प्रचाराला हरकत घेतली. त्यात १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ज्या परिषदेत भारतासाठी आणखी मिशनरी नेमले गेले, त्याच परिषदेत बहुपत्नीत्वाची शिकवण जाहीर झाली होती. ती बातमी जहाजानं मागोमाग आलीच, आणि उरलीसुरली दारंही बंद झाली. त्याच्या हाती लागली ती पुण्यातली मूठभर माणसं, बहुतेक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन. १८५५ च्या सुमारास हे मिशनरी भारतातून काढता पाय घेऊ लागले.

त्या वेळचं पुणं डोळ्यापुढे आणा. स्कॉटिश मिशनची शाळा जोरात, तिथेच शिकलेले जोतीराव फुले मुलींच्या शाळा चालवताहेत, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश येऊन वीस वर्षं झालेली. इतर मिशनऱ्यांनी मराठी पचवली होती. गोव्यात तर फादर स्टीफन्सनं १६१६ मध्येच ओवीत 'क्रिस्तपुराण' रचून ठेवलं होतं. फिंडले हरला तो धर्मशास्त्रावर कमी आणि भाषेवर जास्त, असं माझं मत. छावणीच्या इंग्रजीपलीकडच्या पुणेकरापर्यंत तो फारसा पोचलाच नाही.

भाषेचा हा धडा चर्चनं शतकभरानंतर गिरवला, पण पक्का गिरवला. १९६१ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठात मिशनऱ्यांसाठी भाषावर्ग सुरू झाले आणि १९७८ पासून प्रोव्होचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र उभं आहे. पन्नासहून अधिक भाषा तिथे शिकवल्या जातात. परकी भाषा शिकणारे काही आठवडे राहतात, इंग्रजीतून काम करणारे लवकर निघतात. २०२० पासून सुरुवातीचा भाग घरी बसून पडद्यावर होऊ लागला. केंद्रात भिंतभर जगाचा नकाशा आहे. त्यावर आपल्या नेमणुकीच्या गावावर बोट ठेवून फोटो काढायचा, हा तिथला अलिखित विधीच.

पण त्याआधी कागदपत्रं. अर्ज भरायचा, मग बिशपची मुलाखत. हा बिशप पगारी धर्मगुरू नसतो, शेजारचा हिशेबनीस किंवा दंतवैद्यही असू शकतो. डॉक्टरांची तपासणी, दातांची तपासणी. अक्कलदाढा त्रास देतील असं वाटलं तर आधीच काढून टाकतात. परक्या गावात दाढ ठणकू लागली तर प्रचार कसला? कुठे जायचं हे मात्र उमेदवारानं निवडायचं नाही. सॉल्ट लेक सिटीत बारा प्रेषितांच्या मंडळातला कुणी अर्ज पाहतो आणि नेमणूक ठरवतो. पूर्वी टपालानं मोठा पांढरा लिफाफा यायचा. २०१८ पासून पत्र संगणकावर येतं, तरी आजीआजोबांना, मित्रांना गोळा करून, श्वास रोखून ते मोठ्यानं वाचायची पद्धत कायम आहे. आपल्याकडे दहावीचा निकाल इंटरनेटवर आला तरी पेढे काही सुटत नाहीत, तसंच.

खर्च मिशनऱ्याचा किंवा त्याच्या घरचा. अमेरिकेतल्यांसाठी २०२० पासून महिना ५०० डॉलर, मग नेमणूक टोकियोला असो की आयडाहोला. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. मुलग्यांसाठी हे कर्तव्य मानलं जातं, मुलींसाठी ऐच्छिक. ऑक्टोबर २०१२ मध्ये अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी किमान वय मुलग्यांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं, आणि मुलींच्या आयुष्याचा क्रमच बदलला. आधी विशीतली विद्यार्थिनी परदेशी एक सत्र करून यायची, लग्न ठरलं तर मिशन राहून जायचं. आता पदवीच्या मधोमध दोन्ही बसवता येऊ लागलं: एक सत्र जेरुसलेमला, मग अर्ज. २०१२ च्या अखेरीस जगभर जेमतेम ५९ हजार मिशनरी होते, दोन वर्षांत ते ८५ हजार झाले. नंतर ओहोटी लागली. २०२४ अखेर आकडा सुमारे ७४ हजार होता.

या शिस्तीची कडू बाजूही आहे. सोबत्याला क्षणभरही सोडायचं नाही. घरी फोन करायचा तो २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत फक्त नाताळ आणि मातृदिनाला. आता आठवड्यातून एकदा करता येतो. आजारपणानं, मनाच्या थकव्यानं किंवा श्रद्धा डळमळल्यानं मुदतीआधी परतलेल्या मुलाकडे गावात कोणत्या नजरेनं बघतात, हे सांगायला नको. विशीच्या उंबरठ्यावरच्या पोरांवर हे फार मोठं ओझं आहे, असं मला वाटतं.

भारतातही या चर्चची मिशनं आहेत, बंगळुरूचं १९९३ पासून आणि दिल्लीचं २००७ पासून. परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं अवघड, म्हणून दार वाजवणारी जोडी इथे बहुधा भारतीयच असते. फिंडलेला भाषेची जी अडचण होती ती त्यांना नाही.

आणि जेरुसलेमहून आलेली विद्यार्थिनी? प्रशिक्षण केंद्रात पहिल्याच दिवशी तिच्या छातीवर काळी पट्टी लागते. पट्टीवर नेमणुकीच्या देशाच्या भाषेत 'सिस्टर' आणि पुढे फक्त आडनाव. पहिलं नाव दीड वर्ष पेटीत. मग ती व्याकरण घोकते, मोडक्यातोडक्या वाक्यांत प्रार्थना म्हणते, खोटंखोटं दार वाजवून समोर बसलेल्या शिक्षकाला घरमालक मानून बोलते. ते शिक्षक बहुतेक तिच्याच विद्यापीठातले, नुकतेच मिशनहून परतलेले विद्यार्थी. दीड वर्षानं घरी आल्यावर स्थानिक अध्यक्ष तिला सेवेतून मोकळं करतात आणि पट्टी उतरते. त्यानंतर पुष्कळजणी काय करतात? विद्यापीठात पुन्हा नाव घालतात, आणि फीला हातभार म्हणून शेजारच्याच प्रशिक्षण केंद्रात तासावर भाषा शिकवायला लागतात.