'व्हॅलिडेट केलंय का?' म्हणजे नक्की काय विचारतात?



'व्हॅलिडिटी' हा शब्द आपल्याला आधी मोबाईलच्या रिचार्जला भेटतो, मग ॲडमिशनच्या वेळी जातीच्या दाखल्याला, आणि शेवटी गाईडच्या केबिनमध्ये: "टूल व्हॅलिडेट केलंय का?" पहिल्या दोन ठिकाणी अर्थ सगळ्यांना कळतो. तिसऱ्या ठिकाणी बरेच जण मान डोलावतात आणि सिनॉप्सिसमध्ये 'टूल व्हॅलिडेटेड आहे' एवढं एक वाक्य टाकून मोकळे होतात. हे वाक्य महागात पडू शकतं, म्हणून आज त्याबद्दल.

सुरुवात जातीच्या दाखल्यापासूनच करू. समितीचं नाव असतं 'जात पडताळणी समिती' आणि ती देते ते 'जात वैधता प्रमाणपत्र'. आपल्याला हवे असलेले दोन्ही शब्द इथेच आहेत. पडताळणी म्हणजे व्हेरिफिकेशन, वैधता म्हणजे व्हॅलिडिटी. शाळेचा दाखला, जुन्या नोंदी तपासणं ही पडताळणी. त्या सगळ्यावरून तुमचा दावा टिकतो का, हा वैधतेचा प्रश्न. कागद खरा असणं वेगळं आणि त्या कागदाने दावा सिद्ध होणं वेगळं.

आता भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीत चला. ड्रॉइंगवर बुशचा व्यास २५ मिमी, अधिक-उणे ०.०५ दिलाय. मायक्रोमीटर लावला, २५.०२ आलं, पार्ट पास. हे व्हेरिफिकेशन: जे ठरवलं होतं तसंच बनलं का? तोच बुश गाडीत बसवून खड्ड्यांच्या रस्त्यावर हजारो किलोमीटर पळवला आणि टिकला, तर ते व्हॅलिडेशन: ज्या कामासाठी बनवला त्या कामाला तो उतरला का? समजा ड्रॉइंगच चुकलंय. मग प्रत्येक पार्ट इन्स्पेक्शनला पास होईल आणि गाडी तरी वर्कशॉपमध्ये परत येईल. आयएसओ ९००० मध्येही या दोन शब्दांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्यात, त्या याच कारणाने.

हा फरक किती मोठा असू शकतो, याचं उदाहरण चाकणशी जोडलेलं आहे. २०१५ पर्यंत गाडीच्या धुराची चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या चक्राप्रमाणे व्हायची. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या अमेरिकेत ही चाचणी पास होत होत्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने मात्र मोजणीचं यंत्र डिकीत ठेवून गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. हेमंत कप्पण्णा आणि अरविंद तिरुवेंगडम हे आपले दोन संशोधक त्या गटात होते. २०१४ च्या त्यांच्या अहवालात एका गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाले. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी करणारं सॉफ्टवेअर गाडीत होतं, हे सप्टेंबर २०१५ मध्ये जगासमोर आलं. पुण्याच्या एआरएआयने भारतातल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या तेव्हा उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळलं. त्यानंतर कंपनीने सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. तेव्हा चाकणला बनणारी पोलोही त्यात होती.

कंपनीचं म्हणणं काय होतं बघा: आम्ही भारतातला नियम मोडलेला नाही, रस्त्यावरच्या चाचणीला भारतात ठरलेलं मानकच नाही. म्हणजे भांडण शेवटी आपल्याच शब्दावर आलं. चाचणी पास होणं म्हणजे हवा स्वच्छ राहणं, असं धरायचं का? बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२३ पासून, रस्त्यावरच्या उत्सर्जनाची अटही लागू झाली.

आता तुमच्या थिसिसकडे येऊ. समजा विषय आहे 'एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांचं कामाबद्दलचं समाधान'. तुम्ही वीस प्रश्नांची प्रश्नावली केली. क्रॉनबाख अल्फा ०.८५ आला. बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये पुढचं वाक्य असतं: 'म्हणून प्रश्नावली व्हॅलिड आहे.' नाही! ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा विश्वसनीयता दाखवतो: उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, एवढंच. प्रश्नावली सुपरवायझरसमोर कँटीनमध्ये भरून घेतली असेल तर जो कामगार जितका घाबरलेला, तितका तो प्रत्येक प्रश्नात 'समाधानी'कडे झुकेल. उत्तरं छान जुळतील, अल्फा झकास येईल आणि तुम्ही मोजलेली असेल ती भीती. एकच प्रश्न दहा प्रकारे विचारला तरी अल्फा वाढतो. याच क्रॉनबाख यांनी १९५५ मध्ये पॉल मील यांच्यासोबत व्हॅलिडिटीवर वेगळा निबंध लिहिला, हे लक्षात ठेवा.

मग व्हॅलिडिटी दाखवायची कशी? विषयातल्या तज्ज्ञांना विचारा, समाधानाचा कुठला भाग सुटलाय का. इंग्रजी टूल मराठीत आणलं असेल तर दुसऱ्या कोणाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या आणि ताडून बघा. पाच-सात कामगारांसोबत बसून त्यांना प्रश्न काय समजला ते ऐका. जमलं तर उत्तरं एखाद्या बाहेरच्या नोंदीशी जुळवा, जसं की काम सोडून जाण्याचं प्रमाण.

लॅबवाल्यांसाठी थोडं वेगळं. कारखान्याच्या सांडपाण्यातलं क्रोमियम मोजायला मान्यताप्राप्त पद्धत जशीच्या तशी वापरत असाल, तर ती तुमच्या लॅबमध्ये, तुमच्या नमुन्यांवर नीट चालते एवढं दाखवणं सहसा पुरतं, ते व्हेरिफिकेशन. पद्धत स्वतः तयार केली किंवा बदलली, तर अचूकता, पुनरावृत्ती, किमान किती मोजता येतं, दुसरे धातू आड येतात का, हे सगळं दाखवावं लागतं, ते व्हॅलिडेशन. मशीन लर्निंगमध्ये 'व्हॅलिडेशन सेट' म्हणजे मॉडेलच्या सेटिंग ठरवण्यासाठी बाजूला ठेवलेला डेटा. त्यावरचा निकाल अंतिम म्हणून देऊ नका, त्यासाठी टेस्ट सेट वेगळा लागतो.

एक साधी सवय लावून घ्या. नुसतं 'व्हॅलिडेटेड' लिहू नका. कशासाठी, कोणावर, कोणत्या परिस्थितीत आणि कशाशी ताडून, हे चारही लिहा. त्यातलं एखादं लिहिता येत नसेल, तर नेमकं कोणतं काम बाकी आहे ते तुम्हाला कळलं. आणि ते डेटा गोळा करायच्या आधी कळलेलं बरं; ४०० फॉर्म भरून झाल्यावर प्रश्नावली बदलता येत नाही.