आधी चौकटी, मग प्रोग्रॅम

शाळेच्या ग्रंथालयाची देवघेव संगणकावर आणायची आहे असे समजा. लगेच प्रोग्रॅम लिहायला बसू नका. कागदावर दोन चौकटी काढा, 'पुस्तक' आणि 'विद्यार्थी'. मध्ये रेघ ओढून तिच्यावर लिहा, 'नेतो'. हे ग्रंथपालबाईंना दाखवा. त्या विचारतील, "व्याकरणाच्या पुस्तकाच्या पाच प्रती आहेत. कोणती प्रत कोणाकडे गेली, हे कसे कळणार?" म्हणजे तिसरी चौकट हवी, 'प्रत'. विद्यार्थी घरी नेतो ती प्रत! कागदावर ही दुरुस्ती खोडरबराने होते. शेकडो नोंदी झाल्यावर मात्र प्रोग्रॅमही उसवावा लागतो आणि नोंदीही.

सॉफ्टवेअरचे आराखडे काढण्याची साधने याचसाठी असतात. पूर्वी जाणकारांच्या खुणा वेगवेगळ्या होत्या. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकोबसन यांनी आपापल्या पद्धती एकत्र आणल्या आणि त्यातून झालेली 'यूएमएल' ही चित्रभाषा १९९७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात रेघेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला तारका काढली, की 'एका पुस्तकाच्या अनेक प्रती' हे इंदूरात आणि जपानात सारखेच वाचले जाते. काही साधने तर चौकटींवरून प्रोग्रॅमचा सांगाडाही लिहून देतात. अर्थात 'प्रत' राहून गेली, तर सांगाडाही तिच्याविनाच तयार होतो.

आता तुम्ही सांगा : पाचही प्रती बाहेर असताना एखादीने "माझा नंबर लावा" म्हटले, तर ती नोंद 'पुस्तका'ला जोडाल की 'प्रती'ला?