म्हैसूरचे संत फिलोमेना चर्च : वास्तू आणि पाठ

म्हैसूरमधील संत जोसेफ व संत फिलोमेना यांचे कॅथेड्रल पाहणाऱ्यास प्रथम युरोपीय मध्ययुगाचे स्मरण होते. सुमारे 175 फूट उंचीचे जुळे मनोरे, टोकदार कमानी, क्रूसाकार तलविन्यास आणि रंगीत काचचित्रे ही गॉथिक शैलीचीच लक्षणे होत. वास्तू मात्र विसाव्या शतकातील आहे. याच जागी मुम्मडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, 1843 मध्ये, एक चर्च उभारले गेले होते. नव्या इमारतीची कोनशिला 1933 मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी बसविली.

या मनोऱ्यांचा आदर्श म्हणून जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलचा निर्देश केला जातो. परंतु तो आदर्श तरी निखळ मध्ययुगीन आहे काय? कोलोनचे बांधकाम 1248 मध्ये सुरू झाले आणि सोळाव्या शतकात थांबले. दर्शनी भागाच्या मध्ययुगीन आराखड्याचे दोन तुकडे 1814 व 1816 मध्ये सापडले. त्यांच्या आधारे मनोरे 1880 मध्ये पूर्ण झाले. म्हणजे म्हैसूरने ज्याचे अनुकरण केले, तो एकोणिसाव्या शतकाने जुळवून सिद्ध केलेला पाठच होता.

फिलोमेना या नावाचा इतिहासही असाच आहे. रोममधील प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत 1802 मध्ये एका थडग्यावर तीन मृण्मय फरशा आढळल्या. त्यांवरील अक्षरे क्रमाने ‘लुमेना’, ‘पाक्स ते’, ‘कुम फि’ अशी होती. पहिली फरशी शेवटी ठेवताच ‘फिलुमेना, तुला शांती असो’ असा अर्थ लागला. पुढे पुरातत्त्वज्ञ ओराझिओ मारुक्की यांनी असे प्रतिपादन केले की, या फरशा जुन्या थडग्यावरून काढून पुन्हा वापरल्या असाव्यात. तसे असल्यास आतील अस्थी त्या नावाच्या व्यक्तीच्या ठरत नाहीत. 1961 मध्ये रोमच्या आदेशाने हे नाव उपासनेच्या दिनदर्शिकांतून वगळले गेले.

तरीही म्हैसूरच्या चर्चचे नाव टिकले. तळघरातील मूर्तीपुढची प्रार्थनाही थांबली नाही. मराठी अभ्यासकास हा प्रकार अपरिचित नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व म्हणून निराळी प्रत प्रसिद्ध केली. तथापि वारकऱ्यांचे पारायण परंपरागत प्रतीवरच चालत राहिले. पाठाची चिकित्सा आणि पाठाचे उपासनेतील जीवन या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीच्या निकषाने दुसरी खोटी ठरविणे जितके अप्रस्तुत, तितकेच श्रद्धेच्या नावाखाली चिकित्सा टाळणेही अप्रस्तुत होय.