‘बीते’ वाचणारे मूल

अमेरिकेतील द्विभाषिक वर्गात मेक्सिकन मजुराचे मूल इंग्रजी पुस्तक उघडते आणि ‘बाइट’ हा शब्द ‘बीते’ असा वाचते. अजाण शिक्षक तेथे लाल फुली मारतो. वास्तविक स्पॅनिशमध्ये ‘आय’ या अक्षराचा उच्चार ‘ई’ असाच होतो. स्वरांची अक्षरे पाच, उच्चारही पाचच. इंग्रजीत मात्र ‘ए’ हे एकच अक्षर ‘कॅट’मध्ये एक, ‘केक’मध्ये दुसरे आणि ‘कार’मध्ये तिसरेच बोलते. मुलाने आपल्याजवळचा नियम चोख लावला. तो दुसऱ्या भाषेचा होता, एवढेच.

अक्षरावरून उच्चार, उच्चारावरून ओळखीचा शब्द, ही उकल माणसाला एकदाच व्हावी लागते. ती घरच्या भाषेत लवकर होते, कारण शब्द आधीच कानात असतो. शब्दच अनोळखी असेल, तर बिनचूक उच्चारूनही हाती काही लागत नाही. पुढे दुसऱ्या भाषेत नियम कोठे बदलतो ते शिक्षकाने उघड करून सांगावे लागते, आणि शब्द तर भरपूर द्यावे लागतात; ते आपोआप येत नाहीत. मूल ‘शिप’ला ‘शीप’ म्हणाले, तर त्याला चित्र काढायला सांगावे. जहाज काढले तर वाचन बरोबर आहे. उच्चाराचे काम निराळे.

मायामीच्या कोरल वे शाळेत १९६३ साली क्यूबन निर्वासितांची आणि इंग्रजी भाषिकांची मुले दोन्ही भाषांत शिकू लागली. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सुमारे १८०० चिनी मुलांच्या बाबतीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले, की तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही. (उपाय कोणता, हे मात्र सांगितले नाही.) कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये मतदानाने द्विभाषिक शिक्षण जवळजवळ मोडीत काढले आणि २०१६ मध्ये मतदानानेच पुन्हा मोकळे केले. गुआदालूपे वाल्देस यांनी १९९७ साली दिलेला इशारा आणखी बोचरा आहे: अशा वर्गांचा खरा लाभ इंग्रजी भाषिक मुलेच उचलतील. गोऱ्या मुलाने स्पॅनिश शिकली की कौतुक, मजुराच्या मुलाची स्पॅनिश मात्र अडचण!

आमच्या वस्तीतले मूल छापील ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ वाचते, तेव्हा शब्द आणि अर्थ दोन्ही त्याच्या हाती आलेले असतात. मी त्याबद्दल हातावर छडी खाल्ली आहे. मास्तरांनी ‘पाणी म्हणजे काय?’ हे मला विचारले नाही.