श्रीस्थानकाचे मांडलिक

इ.स. ८०० च्या सुमारास राष्ट्रकूट सम्राट तिसरा गोविंद याच्या अधिसत्तेखाली पहिला कपर्दी उत्तर कोकणचा अधिपती झाला आणि त्याच्या वंशाने, म्हणजे शिलाहारांनी, पुढे साडेचार शतकांहून अधिक काळ या किनारपट्टीवर राज्य केले. त्यांची आरंभीची राजधानी पुरी नेमकी कोठे होती यावर अभ्यासकांत एकमत नाही. मात्र श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे, याविषयी शंका नाही. या घराण्याने सम्राटपदाचा दावा सहसा केला नाही. ‘महामंडलेश्वर’, म्हणजे मोठ्या राजाचे स्वामित्व मानणारा प्रदेशाधिपती, ही पदवी त्याला पुरत असे आणि त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य बहुधा या माफक हौसेतच होते.

या राज्याचा इतिहास मुख्यतः ताम्रपटांतून, म्हणजे जमीन वा गाव दान दिल्याचा दस्त कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांतून, हाती येतो. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्याजवळ खोदकाम करताना अरिकेसरी राजाचा इ.स. १०१७ चा ताम्रपट सापडला आणि पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे भाषांतर प्रसिद्ध झाले. अशा दस्तांत वंशावळी असते, पदव्यांची रेलचेल असते. त्यातली ‘तगरपुरपरमेश्वर’ ही पदवी धाराशिव जिल्ह्यातील तेरशी असलेले नाते सांगते. परंतु खरी माहिती अनेकदा सुरुवातीच्या स्तुतीनंतर, सीमा, कर आणि गावांची नावे येतात तेथे दडलेली असते. भिवंडीजवळच्या भादाणे गावाच्या दानाचा अपराजित राजाचा इ.स. ९९७ चा पट तर राजकीय भूमिकाही उघड करतो: राष्ट्रकूट सत्ता चालुक्य तैलपाने ९७३ मध्ये उलथून चोवीस वर्षे झाली होती, तरी अपराजिताने गेलेल्या सम्राटांचीच वंशावळी कोरवली, त्यांच्या अस्ताचा खेद व्यक्त केला आणि नव्या सम्राटाचे नाव मात्र घातले नाही. मेलेल्या धन्याशी दाखवलेली ही निष्ठा सोयीची होती, कारण असा धनी खंडणी मागत नाही.

याच शतकात चीनमध्ये, ९०७ साली तांग साम्राज्य कोसळल्यावर, हांगचौ येथून राज्य करणाऱ्या वूयुए या किनारी राज्यानेही उत्तरेतील बदलत्या सम्राटांचे स्वामित्व मान्य करून समुद्री व्यापारावर आपला संसार चालवला आणि ९७८ मध्ये ते सुंग साम्राज्यात विलीन झाले. शिलाहारांची नाडीही बंदरांतच होती. अनंतदेव राजाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात भाभण आणि धणाम या बंधूंच्या जहाजांना स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली या बंदरांत जकात माफ केली आहे. यांतले नागपूर विदर्भातले नव्हे, तर अलिबागजवळचे नागाव, शूर्पारक म्हणजे नालासोपारा आणि चेमुली म्हणजे चौल. भाभण हा राजाचा अमात्यही होता, तेव्हा ही माफी व्यापाराला उत्तेजन म्हणून होती की दरबारी वजनाचा मोबदला म्हणून, हा प्रश्न रास्त ठरतो.

या उत्पन्नाचे सर्वांत देखणे रूप कल्याणच्या पलीकडे, वालधुनी नदीकाठी, अंबरनाथच्या शिवमंदिरात दिसते. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा असून मुम्मुणी राजाच्या काळातला आहे. बांधकामाचा आरंभ त्याचा भाऊ छित्तराज याच्या कारकिर्दीत झाला असावा, असे मानले जाते. मंदिर भूमिज शैलीचे आहे, म्हणजे शिखराच्या प्रत्येक बाजूवर मधल्या उभ्या पट्ट्यांच्या दरम्यान छोट्या शिखरांच्या रांगा एकीवर एक चढत जातात. शिखराचा वरचा भाग आज उरलेला नाही, आणि गर्भगृह मंडपाच्या पातळीखाली असल्यामुळे लिंगाच्या दर्शनासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या तिन्ही भावांचा आश्रय ‘उदयसुंदरीकथा’ लिहिणाऱ्या सोड्ढलाला लाभला, आणि बाराव्या शतकात अपरादित्य राजाने तेजःकंठ नावाचा पंडित थेट काश्मीरच्या विद्वत्सभेकडे धाडला. ठाण्याची ही विद्येची बाजू आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे.

अखेर मात्र समुद्रानेच घात केला. यादव राजा महादेव याच्याशी लढताना शिलाहार राजा सोमेश्वर बुडून मेला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री सूचित करतो. बोरिवलीच्या एकसर येथील वीरगळांवर, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या स्मारकशिळांवर, नौकायुद्ध कोरलेले असून काही अभ्यासक त्याचा संबंध या लढाईशी जोडतात. इ.स. १२७२ मध्ये ठाण्याच्या परिसरातले दानपत्र रामचंद्र यादवाच्या राजवटीत निघाले, आणि ते देणारा अच्युत नायक हा यादवांचा अधिकारी होता.