स्नॉर्केलिंगचा पहिला धडा भिलाईच्या तलावातच हवा

भिलाई : समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या भिलाईतील मुलांची स्नॉर्केलशी पहिली ओळख मालवणच्या लाटांत नव्हे, तर शहरातील जलतरण तलावात व्हायला हवी. मास्कमध्ये नाक बंद असताना केवळ तोंडाने श्वास घेणे मुलांना अवघड वाटते. घाबरून ती मास्क ओढतात आणि पाणी आत शिरते. नळीही मुलांच्याच मापाची असावी. मोठ्यांच्या लांब नळीत उच्छ्वासाची हवा साचते, तीच पुन्हा आत ओढली जाते आणि मूल लवकर दमते. दुकानदार हे क्वचितच सांगतात.

1987 मध्ये सागरी अभयारण्य घोषित झालेल्या मालवणात पावसाळा सरल्यावरच पाणी निवळते. लाइफ जॅकेट अनिवार्य. मात्र तोंडात नळी असलेले मूल हाक मारू शकत नाही, म्हणून पालकाने हात पोहोचेल इतक्याच अंतरावर राहावे.