विसाव्याची खाट

बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या पालकांना चार दिवसांचा विसावा मिळावा म्हणून चालणाऱ्या एका निवासगृहाचा परिचय लिहावा, अशी संपादकांची सूचना आली आणि मी तेथे गेलो. पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९४४ साली मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या कन्येसाठी शाळा काढली व पुढे महाराष्ट्रात अशा अनेक शाळा उभ्या राहिल्या. त्यांनी आईची दुपार मोकळी केली, परंतु रात्र, आजारपण आणि परगावचे लग्नकार्य तिच्याच माथी राहिले. १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम झाल्यानंतर 'समर्थ' योजनेने अल्पकालीन निवासाची तरतूद केली.

तरतुदीने खाट मिळते. परक्या घरातली पहिली रात्र निभावते ती तेथल्या ताईंच्या एका हट्टामुळे. छापील अर्जाचे रकाने भरून झाले की त्या तो बाजूला ठेवतात आणि "आता याला माझ्यासमोर जेवू घाला," असे आईला सांगतात. कारण जे हात वर्षानुवर्षे करीत आले, ते सांगण्यासारखे काही आहे असे त्या माउलीला वाटतच नाही. मी गेलो त्या दिवशी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली एक वृद्ध माता आपल्या पस्तिशीच्या मुलाला घेऊन आली होती. शस्त्रक्रियेनंतर वाकू नये, वजन उचलू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि त्याला अंघोळ घालायची तर ही दोन्ही कर्मे अटळ! अर्जात तिने 'जेवण नेहमीचे' एवढेच लिहिले होते. ती भरवू लागली तेव्हा ताईंनी टिपले, की घास डाव्या गालाकडे द्यावा लागतो, तहान लागली की तो स्वतःचा गळा चिमटतो, कुकरची शिट्टी होण्यापूर्वी त्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागतो, आणि फिटची गोळी रात्री आठला केळ्यातूनच पोटात जाते. शेवटची नोंद तांबड्या शाईत झाली. ती गोळी चुकणे म्हणजे प्राणाशी गाठ.

इतकी सूक्ष्म दृष्टी ज्या बाईपाशी आहे, तिचा पगार घरकाम करणाऱ्या बाईहून फारसा अधिक नाही, आणि तिच्या हाताखाली तयार झालेल्या मुली वर्षभरात दुसरीकडे जातात. त्याहून बिकट प्रश्न खाटांचा आहे. विसाव्यासाठी राखलेल्या चार खाटांपैकी तीन कायमच्या गुंतल्या आहेत. कोणाचे वडील वारले, कोणाची आई अंथरुणाला खिळली, आणि आठवड्यापुरता आलेला माणूस परत पाठवावा तर त्याला घरच उरलेले नाही. अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीच्या पालकत्वाचा फैसला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती करते खरी, परंतु पालक नेमणारा हुकूम त्याच्यासाठी घर कोठून आणणार? पुढे सरकारी दप्तरातही 'समर्थ' आणि आजीवन निवासाची 'घरौंदा' या योजना एकत्र जोडल्या गेल्या. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. म्हणूनच विसाव्याच्या खाटांची मंजुरी आणि खर्च स्वतंत्र असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तूर्त चौथ्या खाटेवर त्या वृद्ध मातेचा मुलगा राहणार आहे, आणि त्याच्यामागे आणखी सहा कुटुंबांचे अर्ज पडून आहेत.